दंड कमवायचेत तर इथे या, पण डंबेल्सचा रॅक आधी बघून घ्या

नुसत्या मशिनी मोजून जिम ठरवणाऱ्यांनी इकडं फिरकू नये, त्यांचा विरस होईल. सोलापुरात 70 फूट रोडवरून आत वळलं की पहिल्या मजल्यावर एक लांबट हॉल. एसी नाही, पंखे आहेत. एक पुली, एक प्रीचर बेंच (दंड टेकवून व्यायाम करायचा तिरका बाक), झेड बार (नागमोडी दांडा), सरळ बार, डंबेल्सचा रॅक. संपलं. महिना 900 रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर 2,400. मी सकाळच्या लेडीज बॅचला जाते.

माझं शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाई युनिट आहे. सीझनला कापडाचे तागे उचलून उचलून दंड भरून येतात, कोपर ठणकतं. इथं शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी वजनाला हात लावू दिला नाही. म्हणाले, "अक्का, कोपर आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवून या, मग बघू." फी भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारी जिम मी तरी दुसरी बघितलेली नाही.

नवीन कुणी आलं की सर विचारतात, "दंड कुठं असतो, बोट ठेवा." येणारी प्रत्येकजण पुढं, बायसेप्सवरच बोट ठेवते. सर हात मागं फिरवतात आणि सांगतात की मोठा माल मागं आहे, ट्रायसेप्सचा. त्याला तीन डोकी. दोन दंडाच्या हाडावरून निघतात, तिसरं लांब डोकं थेट खांद्याच्या फऱ्यावरून. म्हणजे हात डोक्याच्या वर नेल्याशिवाय ते लांब डोकं पुरतं ताणलं जात नाही. बाहेर बहुतेक ठिकाणी पुलीवर खाली दाबायचा पुशडाऊन करून घेतात आणि ट्रायसेप्स झाला म्हणतात. इथं पुशडाऊन असतोच, पण त्यानंतर पुलीकडं पाठ करून, दोरी डोक्यामागून वर ओढायचा सेट चुकत नाही. 2022 मध्ये जपानी संशोधकांनी 12 आठवडे एक हात वर ठेवून आणि दुसरा बाजूला ठेवून हाच व्यायाम करवला, तर वर ठेवलेल्या हाताचा ट्रायसेप्स जास्त वाढला. सर हे मोबाइलवर दाखवतात. "सर सांगतात म्हणून" एवढ्यावर भागवत नाहीत, हे मला आवडलं.

बायसेप्सचा धडा तर घरी करून बघण्यासारखा आहे. उजवं कोपर काटकोनात वाकवा, तळवा जमिनीकडं. डाव्या हाताचा अंगठा बायसेप्सवर ठेवा. आता कोपर जरासुद्धा न हलवता तळवा छताकडं फिरवा. अंगठ्याखाली गोळा टरारून वर येतो. हात वाकवणं हे त्याचं निम्मं काम, तळवा फिरवणं हे उरलेलं. उजव्या हातानं स्क्रू आवळताना जोर लावतो तोही हाच. त्यामुळं डंबेल कर्लमध्ये, म्हणजे कोपर वाकवून डंबेल उचलताना, तळवा फिरवायला लावतात, आणि करंगळीची बाजू जरा जास्त वळली पाहिजे म्हणून सर अक्षरशः डंबेलचं टोक धरून उभे राहतात. सरळ बारवर तळवा आधीच फिरलेला असतो, पण मनगटाला त्रास होतो. झेड बार मनगटाला बरा.

माझ्या कामाचा स्नायू मात्र तिसराच निघाला. बायसेप्सच्या खाली ब्रॅकिआलिस असतो. तो कोपराखालच्या न फिरणाऱ्या हाडाला चिकटलेला, त्यामुळं तळवा कुठंही असो, ओढायचं काम तो करतोच. तळवा खाली असला की बायसेप्सची ताकद कमी पडते आणि भार ब्रॅकिआलिसवर, शिवाय मनगटाकडं जाणाऱ्या ब्रॅकिओरेडिआलिसवर येतो. तागा आपण वरून धरून असाच तर उचलतो! म्हणून मला हॅमर कर्ल (तळवे एकमेकांकडं) आणि रिव्हर्स कर्ल (तळवे खाली). यंदाच्या सीझनला तागे उतरवताना फरक कळला, एवढं सांगते.

आता तक्रार. डंबेल्स अडीच, पाच, साडेसात, दहा असे चढतात. छातीच्या किंवा पाठीच्या व्यायामाला चालून जातं. पण कर्ल करणाऱ्या बाईला पाचवरून साडेसात म्हणजे एकदम दीडपट, आणि अडीचवरून पाच म्हणजे सरळ दुप्पट! मधलं काही नाहीच. सर यावर उपाय म्हणून पाच किलोनंच 15-16 पर्यंत रेप्स (एका सेटमधले फेरे) नेऊन मगच साडेसात हातात देतात. उपाय चांगला आहे, पण मालक, चार आणि सहा किलोची एकेक जोडी आणायला कितीसा खर्च? तीनदा सांगून झालं की "बघू अक्का."

प्रीचर बेंचचं रेक्झिन फाटलंय, कोपर रुततं, घरून टॉवेल न्या. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! त्या बेंचवर खाली सोडताना झटका दिला तर सर ओरडतात, आणि बरोबरच आहे, कारण हात सरळ होत आला की सगळा ताण कोपराजवळच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, येतो.

दंडांसाठी आठवड्यातून दोनच दिवस, तेही पाठ आणि छातीला जोडून. रोइंगमध्ये (वजन स्वतःकडं ओढताना) बायसेप्स आणि प्रेसमध्ये (वजन ढकलताना) ट्रायसेप्स राबतातच, ते हिशेबात धरतात. रोज दंडांचाच व्यायाम करायचा हट्ट धरणाऱ्या पोरांशी सरांचं वाजतं. "का बे, वाढायला वेळ देणार का नाही त्याला?" पावडर विकायचा धंदा इथं नाही. मी शेंगा चटणीत प्रोटीन असतं म्हणाले, तर सरांनी तेलाचा हिशेब सांगितला: 100 ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन 25 ग्रॅम, पण फॅट त्याच्या जवळजवळ दुप्पट. भाकरीबरोबर चटणी खा, पण प्रोटीनसाठी अंडी, मटकी, दही बघा म्हणाले. चटणी काही सुटली नाही.

पाणी घरून न्या. नळाला रोज पाणी नसतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. गाडी जिन्याखाली लावू नका, खालचे दुकानदार भांडतात. एप्रिल-मेमध्ये आठनंतर हॉल तापतो, तेव्हा सहाची बॅच घ्या. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की मिरवणुकीतले उंच, जड नंदीध्वज पेलायची तयारी करणारी पोरं संध्याकाळी पुली आणि बार सोडत नाहीत, त्या दिवसांत संध्याकाळी जाऊन उपयोग नाही.

पाचपैकी चार स्टार. चार आणि सहा किलो आल्या की पाचवा देते.