पाणी उलटं आलं तर: झडप की संप-पंप?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या मेव्हण्याचा प्रश्न: पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून मैला वर येतो, काय बसवू?

आधी रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून बघ म्हटलं. ते काठोकाठ भरलं असेल तर दुखणं मेन लाइनचं, तक्रार महापालिकेकडे. चेंबर रिकामं आणि मोरी तुंबलेली, तर तुंबा आपल्याच पाइपात, खर्चही आपलाच. जयंती नाल्यावरून मैला पंपानं दाबून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे जातो. असे पंप थांबले की मागच्या लाइनी भरतात आणि सगळ्यात खालची मोरी आधी उलटते. तिला वाचवायची तजवीज मात्र घरमालकानंच करायची.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे पाणी बाहेर सोडणारी, उलटं आलं की मिटणारी झडप. स्वस्त, विजेविना चालते. पण झडप मिटली की आपलंही पाणी बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली तर ते खालीच साठणार. शिवाय झडपेत केसांचा एक गुंता अडकला तरी ती उघडी राहते. मे महिन्यात खोलून धुवायलाच हवी, आणि हे काम कुणालाच आवडत नाही.

संप-पंपात घरातलं सांडपाणी एका खड्ड्यात (संप) जमवून पंपानं उपसतात, आणि पाइप रस्त्याच्या पातळीपेक्षा वर चढवून मग चेंबरकडे सोडतात. चेंबर तुडुंब असतानाही पंप पाणी ढकलतो. खर्च कितीतरी पट, खड्डा खणा, फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता खटका) सांभाळा. आणि २०१९ सारखा पूर आला की वीज आधी जाते. इन्व्हर्टर नसेल तर पंप नुसता शोभेला.

वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, तासाभरासाठी उलटत असेल तर व्हॉल्व्ह घ्या. संडास-बाथरूमच रस्त्याच्या खाली असेल, भाडेकरू राहत असतील, तर संप. मेव्हण्याला व्हॉल्व्हच सांगितला, धुणार तोच या अटीवर.