फोटोला काच लागू न देणारा फ्रेमवाला

मोती चौकातून राजवाड्याकडं निघालं आणि पेढ्यांची दुकानं मागं पडत आली की एका बोळात हे काचेचं दुकान लागतं. पाटी नाही. होती म्हणे, एका पावसाळ्यात गेली ती परत लावलीच नाही. 'फ्रेमवाले काका' एवढं विचारलं तरी पुरतं. यंदा त्यांच्याकडून दोन फोटो करून घेतले.

मी तिथं गेले ती पोळलेली होते. आई-बाबांचा 1962 सालचा लग्नातला फोटो मी पूर्वी दुसरीकडं फ्रेमला दिला होता. त्यांनी काच थेट फोटोवर टेकवली, मागं पुठ्ठा, चार खिळे, झालं काम. मीही तो पश्चिमेच्या भिंतीवर लावला. साताऱ्याचा पाऊस भिंतीत कसा मुरतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुन्या ब्रोमाइड फोटोवर जिलेटिनचा थर असतो, ओल लागली की तो मऊ पडतो आणि काचेला धरतो. आईच्या मुंडावळ्या आणि बाबांचा अर्धा फेटा काचेला चिकटून बसलाय.

काकांनी फ्रेम उजेडात तिरकी धरून पाहिली. "ओढायचा नाही हां बाई. ओढलात तर चेहरा काचेवर राहील." काचेसकट स्कॅन करून आणा म्हणाले. केला. चिकटलेला भाग ओल्या कागदासारखा गडद आला होता, तो भाचीनं कॉम्प्युटरवर सारखा करून दिला. मूळ फोटो काकांनी तसाच कागदात गुंडाळून परत दिला. उभा टांगू नका, कपाटात आडवा ठेवा, एवढं सांगितलं आणि पैसे काही घेतले नाहीत.

दुसरा फोटो कासचा. सप्टेंबरात धुकं जरा वर सरकलं तेव्हा काढलेला. पुढं सीतेची आसवं, मागं तेरड्याचा गुलाबी पट्टा. बारा बाय अठरा इंची प्रिंट, सुती कागदावर, पुण्याहून काढून आणलेली. मला माउंट, म्हणजे फोटो काचेला टेकू न देणारी, मधे खिडकी कापलेली बोर्डाची चौकट, जांभळा हवा होता, फुलांना जुळणारा. काकांनी वाद घातला नाही. जांभळ्या बोर्डाची एक पट्टी उचलून प्रिंटच्या कडेला ठेवली. माझी फुलं तिथंच फिकी पडली! मग मोडका पांढरा, म्हणजे ऑफ-व्हाइट, ठेवला, आणि धुक्यातली फुलं पुन्हा दिसायला लागली. त्यांच्याकडं माउंटचे तसेही दोनच रंग असतात, पांढरा आणि मोडका पांढरा. हौस असेल त्यानं दुसरीकडं जावं.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलंय, स्टीलची पट्टी पिशवीत असतेच. कापलेला माउंट मोजला तर वर आणि दोन्ही बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन. म्हटलं, चूक पकडली. "बाई, उलटा करून बघा," काका म्हणाले. उलटा धरला आणि फोटो चौकटीतून खाली घसरल्यासारखा दिसायला लागला. सगळीकडं तीन ठेवले तरी डोळ्याला तो जरा खाली उतरल्यासारखाच वाटतो म्हणे, म्हणून खाली अर्धा इंच जास्त. खिडकी प्रिंटपेक्षा चारी बाजूंनी पाव इंच लहान, म्हणजे साडेअकरा बाय साडेसतरा. ते मात्र बरोबर होतं.

खिडकी बोर्डाच्या मागच्या बाजूनं कापतात, पातं पंचेचाळीस अंशांत तिरकं. दर माउंटला नवं पातं. त्या तिरक्या कडेवर बोर्डाचा गाभा दिसतो, आणि खरी परीक्षा तिथंच आहे. स्वस्त बोर्डाचा गाभा लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल काही वर्षांत वर येतं, कड पिवळी-तपकिरी होते आणि फोटोलाही तीच झळ लागते. काकांनी असा एक जुना माउंट मुद्दाम जपून ठेवलाय, बोर्डाच्या भावावरून घासाघीस करणाऱ्याच्या हातात देतात. मलाही दिला. आम्लविरहित बोर्ड ते पुण्याहून मागवतात.

मला सगळ्यात आवडलं ते चिकटवणं, म्हणजे खरं तर न चिकटवणं. प्रिंटच्या वरच्या कडेला मागून पातळ जपानी कागदाच्या नखाएवढ्या दोन बिजागऱ्या, बाकी कागद मोकळा लोंबता. पावसाळ्यात कागद फुगतो, चारी बाजूंनी डकवला तर त्याला लाटा येतात. खळ घरची, गव्हाच्या सत्त्वाची. वाटी बघून मी म्हटलं, "हा तर कुरडईचा चीक!" हसले. "तोच. फक्त मीठ-हिंग नाही." पाण्याचा हात लावला की सुटते, म्हणून हीच. कसर लागेल ही माझी शंका होती. तर मागची फट कागदी पट्टीनं पक्की बंद केली होती. आई-बाबांची नवी प्रत लॅबच्या चकचकीत कागदावर आहे, त्याच्या पाठीला प्लॅस्टिकचा थर, खळ धरत नाही. तिथं कागदाचे चार कोपरे करून त्यात फोटो नुसता बसवलाय. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या, भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळावी म्हणून.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले आणि एकोणीस लावले. फोन उचलत नाहीत. कासच्या फोटोत काचेखाली एक केस निघाला, अगदी धुक्यात, लपायला जागा नाही असा. दाखवल्यावर एक शब्द न बोलता फ्रेम उघडली आणि दुसऱ्या दिवशी दिली, पण देण्याआधी बघायला नको? दोन्हींचे मिळून 3,200 झाले. साध्या फ्रेमच्या मानानं महागच. बोळात गाडी जात नाही, काचेची फ्रेम उराशी धरून चालत यावं लागतं.

तरी तिसरं काम देऊन आलेय, सासूबाईंचा शाळेचा ग्रुप फोटो. जाताना चौकातून पाव किलो कंदी पेढे नेले होते. काकांनी पुडा काउंटरवर ठेवू दिला नाही, बाहेरच्या स्टुलावर ठेवायला लावला आणि मला आधी हात धुऊन यायला सांगितलं. तुपाचा हात प्रिंटला लागला तर निघत नाही म्हणे.