लुट्झ की फ्लुट्झ? जंप जोखायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स, माझा रिव्ह्यू

फिगर स्केटिंगमधलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं अशा भ्रमात मी कितीतरी वर्षं होते, आणि मग या कोर्सच्या पहिल्याच टेस्टमध्ये वीसपैकी सात आले. सात! तेही ज्युनियर मुलींच्या जंप, ज्यांवरून मी लोकांशी रात्र रात्र वाद घातलेत. कोर्सचं नाव देत नाही, पुढे कुरकुर आहे म्हणून.

आधी चांगलं सांगते. एजवरचा, म्हणजे ब्लेडच्या आतल्या-बाहेरच्या कडेवरचा, धडा एकदम भारी आहे. लुट्झ ही जंप मागे सरकत बाहेरच्या एजवरून आणि फ्लिप ही मागे सरकत आतल्या एजवरून, हे पाठ सगळ्यांनाच असतं हो, पण बघायचं कुठे ते कोणी सांगत नाही. इथे शिकवणाऱ्या बाई स्क्रीनवर फक्त डावा घोटा ठेवतात, बाकी सगळं झाकून. मुलगी लांबलचक बाहेरच्या वळणावर येतेय, छान येतेय, उजवा पाय मागे जातो आणि टो-पिक (ब्लेडच्या टोकाचे दाते) बर्फात रुतायच्या जरासं आधी तो घोटा हळूच आत कलतो. झाला फ्लुट्झ, म्हणजे लुट्झ म्हणून येऊन फ्लिपच्या एजवरून मारलेली जंप. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं, आवडत्या स्केटरचंसुद्धा, ते एक दुःखच आहे. उलट्या दिशेने फिरणाऱ्या मुलींचा वेगळा सराव दिलाय तेही बरं केलं, तिथे माझं डोकं अजून गरगरतं.

मार्कांचं गणितही नीट सांगितलंय. ट्रिपल, म्हणजे तीन फेऱ्यांच्या, लुट्झचे 5.9, फ्लिपचे 5.3, चुकीच्या एजची ई ही खूण लागली की लुट्झ 4.72 वर, म्हणजे सरळ फ्लिप मारली असती तर जास्त मिळाले असते. मग फ्लिपच का मारत नाहीत, तर तीच जंप किती वेळा मारता येते याचे नियम आड येतात, आणि ज्युनियरच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे छोट्या फेरीत, तर सोलो (एकटी मारायची) जंप ठरवूनच दिलेली असते, ती सीझनप्रमाणे बदलते, लुट्झचं वर्ष आलं की फ्लुट्झवालीला लपायला जागा नाही.

प्री-रोटेशनवर, म्हणजे हवेत जायच्या आधीच वळण्यावर, बाई जे बोलल्या ते ऐकून मी माझ्या जुन्या दोन-चार पोस्टी गुपचूप डिलीट केल्या. आपण काय करतो, व्हिडिओ पॉज करायचा आणि बघा बघा आधीच वळली म्हणून ओरडायचं, पण बर्फावर थोडं वळणं हा जंपचाच भाग आहे, साल्काव्ह आणि लूप या जंपमध्ये तर भरपूर. आणि टेकऑफला चीटिंग झालं का हे टेक्निकल पॅनलने (जंप तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी) रिप्ले नॉर्मल स्पीडलाच बघून ठरवायचं असा नियम आहे, स्लो मोशनमध्ये नाही! मला माहीतच नव्हतं.

आता कुरकुर. लँडिंगचा धडा. बरोब्बर पाव फेरा कमी पडला तर क्यू ही खूण, पावापेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी तर एक बाण (<), अर्धा किंवा त्याहून जास्त तर दोन बाण (<<), इथपर्यंत ठीक. पण सरावाच्या क्लिपा सेकंदाला 25 फ्रेमच्या. हवेत मुलगी सेकंदाला पाच फेरे फिरत असेल तर एका फ्रेममध्ये 72 अंश सरकते, पाव फेरा म्हणजे 90! उतरताना वेग कमी होतो मान्य, तरी ब्लेड नक्की कुठल्या क्षणी टेकलं ते दोन फ्रेमच्या मधे हरवलेलं असतं आणि हे लोक खुशाल उत्तर देतात ‘क्यू, चूक’. अहो शंका असेल तर फायदा स्केटरला, असं तुम्हीच दुसऱ्या धड्यात शिकवलंत ना?

क्वाडचा, म्हणजे चार फेऱ्यांच्या जंपचा, धडा घाईत उरकलाय. 2002 ला जपानच्या मिकी आंदोचा क्वाड साल्काव्ह, 2018 च्या ज्युनियर वर्ल्डला रशियाच्या तेरा वर्षांच्या ट्रुसोव्हाचे एकाच प्रोग्राममध्ये दोन क्वाड, जपानचीच माओ शिमादा, संपलं. उंची कमी पण फिरकी जबरदस्त अशी जंप तेराव्या वर्षी उभी राहते आणि अंग वाढलं की तीच जंप का रुसते, यावर मला अख्खा धडा हवा होता. मिळाली दीड मिनिटं.

फ्रेमबद्दल मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं, आणि पुढच्या आठवड्यात 60 फ्रेमच्या क्लिपा चढल्या. त्यात तीन उत्तरं बदललीत, क्यूचं क्लीन झालंय, गाजावाजा न करता. माझ्या सर्टिफिकेटवर मार्क मात्र जुनेच. परत मेल टाकलाय, तोवर साडेतीन स्टार.