लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानाची संगणकजोडणी : हात सफाईदार, पुस्तिका कोरी

ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाता येणाऱ्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग विकणाऱ्या आणि त्यांचा संगणक असेंबल करून देणाऱ्या एका दुकानाच्या सेवेचा हा अनुभव आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे जे घडले ते त्या रस्त्यावरच्या दहांपैकी आठ दुकानांत सहज घडले असते, असे माझे मत आहे.

माझी गरज थोडी जुन्या वळणाची होती. आमच्या भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांच्या सुमारे तीनशे सीडी आणि काही डीव्हीडी माझ्या कपाटात आहेत. त्या खराब होण्याआधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या होत्या. त्यामुळे विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डावरच्या खाचेत थेट बसणारा वेगवान ड्राइव्ह), साठवणीसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क आणि माझ्या आधीच्या संगणकातला साटा जोडणीचा, म्हणजे केबलने मदरबोर्डाला जोडायचा डीव्हीडी रायटर, अशा तीन ड्राइव्हचा संगणक मला हवा होता. प्रोसेसर म्हणून एका परिचितांकडून मिळालेला इंटेलच्या दहाव्या पिढीचा कोअर आय५-१०४०० माझ्याजवळ होता. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट दुकानातून घेतले. डीव्हीडी रायटरसाठी सव्वापाच इंचांचा कप्पा असलेले कॅबिनेट आता सहजी मिळत नाही. दुकानदारांनी ते माळ्यावरून शोधून काढले आणि धूळ पुसून, किमतीत सूट देऊन दिले. जोडणीचे त्यांनी ८०० रुपये घेतले, तेही मला रास्त वाटले.

जोडणी मी समोर बसून पाहिली आणि तिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. वायरी मदरबोर्डाच्या मागून ओढून नीट बांधल्या, साटाच्या डेटा केबल टक् आवाज येईपर्यंत बसवल्या, एसएसडीच्या हीटसिंकखालची पारदर्शक पट्टी सोलायलाही कारागीर विसरले नाहीत. एका प्रसंगाने तर माझा विश्वास दुणावला. हार्ड डिस्क कॅबिनेटच्या तळाशी आणि डीव्हीडी रायटर अगदी वर असल्याने वीजपुरवठ्याची एकच केबल दोघांना पुरेना. तेव्हा तिथल्या मुलाने खणातून दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या एसएमपीएसची एक सुटी केबल काढली. ती माझ्या एसएमपीएसच्या खाचेत बसतही होती. ज्येष्ठ कारागिरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “बसते म्हणून लावायची नसते रे, डिस्क जाळशील.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. अशा केबलचे ड्राइव्हकडचे टोक प्रमाणित असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत किती व्होल्ट येणार हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, आणि ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट शिरले तर ड्राइव्ह क्षणात निकामी होऊ शकतो. त्यांनी शेजारच्या दुकानातून ९० रुपयांची एक्स्टेन्शन केबल आणवून ती लावली.

यानंतर दुकानाने जी चाचणी घेतली, तिथे माझा पहिला आक्षेप आहे. संगणक सुरू केला, पडद्यावर मदरबोर्ड कंपनीचे चिन्ह उमटले, “डिस्प्ले आला, काका” असे जाहीर झाले आणि संगणक खोक्यात गेला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या स्वतःच्या प्रणालीत शिरून तिन्ही ड्राइव्हची नावे दिसतात की नाही, हे पाहायला एक मिनिट पुरले असते. ते कोणी पाहिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

डोंबिवलीला घरी येऊन पेनड्राइव्हवरून विंडोज बसवायला घेतले, तर यादीत ४ टीबीची हार्ड डिस्क तेवढी होती, एसएसडीचा पत्ता नव्हता. बायोसमध्ये हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर होते, पण एम डॉट टू (एसएसडी बसवायची मदरबोर्डावरची खाच) या रकान्यात काहीच नव्हते. ही तपासणी फार मोलाची आहे. बायोसला ड्राइव्ह दिसतो आणि फक्त विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, तर शंका ड्रायव्हरवर घ्यावी. इंटेलच्या प्रोसेसरच्या अकराव्या आणि पुढच्या पिढ्यांत व्हीएमडी ही ड्राइव्ह हाताळण्याची सोय बायोसमध्ये चालू असल्यास असे होते आणि इन्स्टॉलरमध्ये इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. बायोसलाच ड्राइव्ह दिसत नसेल, तर विंडोजशी झटापट करण्यात अर्थ नसतो. दोष जोडणीत, स्लॉटमध्ये किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये असतो.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीचे भाडे सोसून कॅबिनेट पुन्हा दुकानात नेले. तिथले पहिले निदान होते, “एसएसडी डेड आहे, बदलून देतो.” बदलून दिलेली एसएसडीही दिसली नाही. मग पहिली एसएसडी दुसऱ्या संगणकात लावून पाहिली, तर ती ठणठणीत निघाली. पुढे मदरबोर्डच बदलण्याची भाषा सुरू झाली. अखेर ज्येष्ठ कारागिरांनी एसएसडी वरच्या स्लॉटमधून काढून खालच्या स्लॉटमध्ये बसवली आणि ती लगेच दिसू लागली. “वरचा स्लॉट खराब असेल, पण तुमचे काम झाले ना,” असे म्हणून विषय मिटवण्यात आला.

स्लॉट मुळीच खराब नव्हता. मदरबोर्ड बी५६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), म्हणजे २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या मालिकेतला होता. या बोर्डांवर दहाव्या आणि अकराव्या अशा दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधून पीसीआय एक्सप्रेसच्या २० लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, निघतात आणि त्यांतल्या ४ थेट पहिल्या, म्हणजे वरच्या एम डॉट टू स्लॉटकडे जातात. दहाव्या पिढीच्या प्रोसेसरला १६ च लेन आहेत आणि त्या सगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याच्या आहेत. माझ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे त्या सोळाही लेन रिकाम्या पडून आहेत. तरीही त्यांतली एकही पहिल्या स्लॉटकडे वळवता येत नाही, कारण त्या स्लॉटच्या तारा प्रोसेसरच्या ज्या पिनांना पोचतात, तिथे आय५-१०४०० कडे देण्यासारखे काही नसते. म्हणून वरचा स्लॉट मुका आणि चिपसेटला जोडलेला खालचा स्लॉट बोलका. ही बाब मदरबोर्डाच्या पुस्तिकेत स्लॉटच्या वर्णनाखाली एका ओळीत छापलेली आहे. पुस्तिका त्या वेळी खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, सीलबंद होती. ती मी घरी येऊन फोडली. दुकानात असे बोर्ड आणि असे प्रोसेसर रोज विकले जात असताना ही ओळ कोणालाच ठाऊक नसावी, याचे मला आश्चर्य वाटले.

विंडोज बसले, पण आता डीव्हीडी रायटर नाहीसा झाला. कप्पा उघडत होता, दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण बायोसमध्येही नाव नव्हते. फोनवर उत्तर मिळाले, “काका, रायटर जुना आहे, गेला असेल.” आदल्या दिवशीपर्यंत दिसणारा रायटर नेमका एसएसडीची जागा बदलल्याबरोबर जावा, हा योगायोग मला पटेना. पुस्तिकेच्या त्याच पानावर पुढे एक कोष्टक होते : दुसऱ्या, म्हणजे खालच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवल्यास साटाचे ५ आणि ६ क्रमांकाचे पोर्ट बंद होतात. चिपसेटकडच्या जोडण्या मर्यादित असल्याने अनेक मदरबोर्डांवर एम डॉट टू स्लॉट आणि काही साटा पोर्ट अशा एकाच वाटेवर असतात आणि एकाने ती घेतली की दुसऱ्याला ती मिळत नाही. कोणते पोर्ट बंद होणार हे बोर्डागणिक बदलते, त्यामुळे माझ्या बोर्डाचे क्रमांक कोणी आपल्या बोर्डाला लावू नयेत. रायटरची डेटा केबल पाचव्या पोर्टातून काढून तिसऱ्यात घातली आणि रायटर परत आला. कारागिरांनी एक ड्राइव्ह सुरू करताना दुसरा बंद केला होता आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते.

राहिली हार्ड डिस्क. ती बायोसमध्ये पहिल्यापासून दिसत होती, पण विंडोजच्या धिस पीसी या खिडकीत नव्हती. कोरी डिस्क इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करून, पार्टिशन (भाग) पाडून फॉरमॅट केल्याशिवाय तिथे दिसत नाही; हा दोष नसून रीतच आहे. या वेळी दुकानातल्या मुलाने फोनवर विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटचा मार्ग अचूक सांगितला, फक्त “एमबीआर ठेवा, नेहमीचे असते” हा सल्ला चुकीचा दिला. एमबीआर ही डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे आणि तिच्यात नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने २ टीबीच्या पलीकडची जागा वापरता येत नाही. माझ्या डिस्कवर २०४८ जीबी वापरायोग्य आणि १६७८ जीबी काळ्या पट्टीत अडकलेली, असे चित्र उमटले. सुदैवाने डिस्कवर काही साठवलेले नव्हते. पार्टिशन पुसून जीपीटी या नव्या पद्धतीत बदल केला आणि पूर्ण जागा मिळाली. विंडोज ही ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी दाखवते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. त्या फरकासाठी कोणी दुकानदाराशी भांडू नये.

दुकानाला मी पाचांपैकी तीन गुण देतो. भाग अस्सल, बिल पक्के, हात सफाईदार, बोलणे सौजन्याचे. दुसऱ्या खेपेचे पैसेही त्यांनी मागितले नाहीत. दोन गुण कापले ते निदानाच्या पद्धतीसाठी. ड्राइव्ह दिसत नाही म्हटले की तो बदलायचा, एवढा एकच उपाय त्यांच्याकडे आहे. माझ्या तिन्ही ड्राइव्हची कारणे वेगवेगळी होती आणि बदलण्यासारखा त्यांत एकही नव्हता. मी हट्टाने पहिली एसएसडी दुसऱ्या संगणकात तपासायला लावली नसती, तर एक धडधाकट वस्तू सदोष म्हणून कंपनीकडे परत गेली असती आणि मी मात्र त्याच जागी राहिलो असतो.

नंतर एकदा माऊस घ्यायला गेलो असताना पुस्तिकेतले ते पान ज्येष्ठ कारागिरांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मागच्या महिन्यात याच कारणाने कंपनीकडे परत पाठवलेल्या एका बोर्डाची पावती खणात शोधू लागले.