वरचं खाणं सुरू झालं: आता सगळं उकळायचं की नुसतं घासायचं?

बाळाला वरचं सुरू केलं की त्याची भांडी एकदम वाढतात. आधी बाटल्या आणि निपल एवढंच उकळायचं होतं. आता वाटी, दोन-तीन चमचे, ताटली, सिपर असा संसार ओट्यावर येतो. घरातलं एक माणूस म्हणतं, वर्षाचं होईपर्यंत सगळं उकळायचं. दुसरं म्हणतं, फरशी चाटतंय ते पोर, चमचा कसला उकळता?

माझं मत आधीच सांगते: दूध ज्यात जातं ते उकळा, खाणं ज्यात जातं ते नीट घासा. हा फरक का, ते समजलं की पुढचं ठरवणं सोपं जातं.

आधी बाटली. तिचा गळा अरुंद, निपलचं भोक बारीक, झाकणाला आटे. दुधातली चरबी आणि प्रथिनं या कोपऱ्यांत पातळ थर धरून बसतात. ब्रश फिरवला तरी तो थर थोडाफार उरतो आणि ओलसर राहतो. जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. त्यात पावडरचं दूध असेल तर ती पावडर मुळातच निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे आजार करणारे जंतू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान 70 अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवायला सांगते.

वाटी-चमच्याचं तसं नाही. उघडा, सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग. गरम पाणी आणि साबण सगळीकडे पोचतो, डाग राहिला तर डोळ्यांना दिसतो, आणि पालथं घातलं की तासाभरात कोरडं होतं. शिवाय त्यात वाढलेलं खाणं काही निर्जंतुक नसतं, आणि बाळ निम्मं हातानेच खातं. चमचा दहा मिनिटं उकळून त्याच ओट्यावर ठेवला, तर कमावलं काय?

राहता राहिला फरशीचा मुद्दा. ऐकायला बिनतोड वाटतो, पण बाटलीला तो लावू नका. फरशीवरून चार जंतू तोंडात जाणं वेगळं आणि निपलमधल्या दुधात रात्रभर वाढलेली त्यांची फौज पोटात जाणं वेगळं. प्रश्न बराचसा संख्येचा असतो. हे आमच्याकडे एका ज्येष्ठ व्यक्तीला पटवायला मला तीन आठवडे लागले, आणि तरी पूर्ण पटलं असं म्हणवत नाही.

सरकारी सल्लेही एकसारखे नाहीत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस बाटल्या आणि निपल बाळ किमान 12 महिन्यांचं होईपर्यंत निर्जंतुक करायला सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा रोज निर्जंतुक करण्याचा आग्रह मुख्यतः 2 महिन्यांखालच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी आहे. मोठ्या, निरोगी बाळाची बाटली दर वेळी काळजीपूर्वक धुतली तर रोज तसं करायची गरज नसावी, असं ती म्हणते. म्हणजे वाद आहे तो बाटलीबद्दल. मी इथे एनएचएसकडे झुकते, कारण ‘दर वेळी काळजीपूर्वक’ हे शब्द रात्री तीन वाजता फार जड जातात.

सिपर मात्र मधेच लोंबकळतो. साधा उघडा कप असेल तर तो वाटीच्या रांगेत. पण सांडू नये म्हणून आत झडप बसवलेला सिपर, किंवा स्ट्रॉ असलेला, हा वेशांतर केलेली बाटलीच समजा. ती झडप एकदा काढून उलटी करून बघा. आत काळे ठिपके दिसले तर उकळत बसू नका, सरळ फेकून द्या. अशा सिपरमध्ये फक्त पाणी देत असाल तर रोज सगळे भाग सुटे करून घासणं पुरतं. दूध देत असाल तर बाटलीचाच नियम.

उकळायचं कसं, यात निवडीला फार वाव नाही. पातेल्यातलं उकळतं पाणी सर्वांत भरवशाचं. सीडीसी 5 मिनिटं सांगते, एनएचएस 10; भांडी पूर्ण बुडलेली हवीत आणि आत हवेचा बुडबुडा अडकलेला नको. निपल मात्र याने लवकर झिजतात, चीर दिसली की बदला. वाफेचं यंत्र सोयीचं, पण जागा अडवतं. निर्जंतुक करायच्या गोळ्यांचं थंड द्रावण प्रवासात बरं. त्यात 30 मिनिटं ठेवायचं आणि 24 तासांनी ते बदलायचं. यातलं काहीही करण्याआधी भांडं घासलेलं असलंच पाहिजे. दुधाचा थर तसाच ठेवून उकळलं तर आतले जंतू त्या थराच्या आडोशाने वाचू शकतात.

नुसतं घासायचं ठरवलंत, तर घासणं खरंच नीट हवं. बाळाच्या भांड्यांना वेगळा ब्रश आणि वेगळं पातेलं ठेवा. सिंकमध्ये थेट टाकू नका, आणि घरभरचा ओला स्पंज त्यांना लावू नका. पुसायला ओट्यावरचं फडकं तर नकोच, हवेवर वाळू द्या. माझ्या मते निम्मी लढाई वाळवण्यातच जिंकली जाते.

काही घरांनी ही सवलत घेऊ नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिन्यांआधी वरचं सुरू केलं असेल, किंवा नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल, तर वाटी-चमचेही उकळा.

आणि उकळण्यातून वाचलेला वेळ वाटीत उरलेल्या घासांकडे द्या. लाळ लागलेला चमचा ज्यात बुडला ते खाणं ‘संध्याकाळी देऊ’ म्हणून झाकून ठेवण्यात न उकळलेल्या वाटीपेक्षा जास्त धोका आहे. थोडंच वाढून घ्या, लागलं तर स्वच्छ चमच्याने आणखी काढा, उरलं ते टाकून द्या.