मुलांच्या इंटरनेट सुरक्षेच्या नावाखाली झालेली आमची १,२८,५७८ रुपयांची फसवणूक

मुलांना इंटरनेटवरील धोक्यांपासून वाचवणारे अ‍ॅप बसवून देतो, असे सांगत सोसायट्यांमध्ये शिरणाऱ्या एका टोळीने माझ्या खात्यातून १,२४,४५० रुपये काढून घेतले. त्याआधी त्याच अ‍ॅपची वर्षाची वर्गणी म्हणून ४,१२८ रुपये ८२ पैसे मी आपल्या हाताने भरले होते. मुलीच्या फीचा दुसरा हप्ता आणि सासूबाईंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली ही रक्कम होती. जवळच्या नातेवाइकांनाही अजून आम्ही हे सांगितलेले नाही. तरीही लिहीत आहे, कारण पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्याकडे आलेली माणसे उद्या कोथरूडला किंवा वाकडला जाणार नाहीत असे मानण्याचे काहीच कारण नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारच्या मोफत व्याख्यानाची सूचना आली आणि तीच सूचना फलकावरही लागली. व्याख्याता तिशीतला, शुद्ध मराठी बोलणारा आणि सर्वांना ताई-काका म्हणणारा होता. त्याने सांगितलेल्या गोष्टी खोट्या नव्हत्या, हीच यातली सर्वांत वाईट बाब आहे. खेळाच्या चॅटमधून अनोळखी माणसे मुलांशी ओळख वाढवतात, फुकट डायमंडचे (म्हणजे खेळातल्या आभासी चलनाचे) आमिष दाखवून पासवर्ड घेतात, फोटो मागतात आणि मग त्याच फोटोवरून धमकावतात, हे सर्व खरोखर घडते. त्यानंतर त्याने काही मुलांचे टॅब ‘स्कॅन’ केले. माझ्या मुलीच्या टॅबवर ३७ धोके असल्याचा लाल अक्षरांतला अहवाल त्याने मला बाजूला घेऊन, हळू आवाजात दाखवला. तो अहवाल बनावट होता हे आज कळते. त्या वेळी पोटात गोळा आला होता.

मुलीला टॅब दिलाच कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते. ती सातवीत आहे. तिची शाळा सकाळची असते आणि शाळेचा गृहपाठ, वर्कशीट, सूचना हे सर्व ऑनलाइनच येते. पती चाकणला कामाला आहेत आणि मी कार्यालयातून घरी येईपर्यंत साडेसहा वाजतात. दुपारभर मूल घरात असताना ते इंटरनेटवर काय पाहते याची काळजी वाटणे हा निष्काळजीपणा नव्हे, आणि त्या काळजीपोटी पैसे मोजणे हा हावरेपणाही नव्हे. दामदुपटीच्या किंवा लॉटरीच्या आमिषाला आम्ही बळी पडलो नाही.

३,४९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे पैशांपर्यंतचा हिशेब असलेले छापील बिल त्याने दिले. जीएसटी क्रमांक छापलेले बिल पाहिल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणालाही मोफत तपासता येतो हे तेव्हा सुचत नाही. कृपया तपासा. सोबत एक अर्जही भरून घेतला गेला. त्यात मुलीची जन्मतारीख, शाळा, बसची वेळ, जवळच्या मैत्रिणींची नावे आणि एक फोटो इतकी माहिती होती.

शुक्रवारी संध्याकाळी ‘अ‍ॅक्टिव्हेशन’साठी फोन आला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली. हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरून नव्हे, तर एपीके फाइलच्या (फोनवर थेट अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलच्या) रूपात, तेही मुलीच्या टॅबवर नव्हे तर माझ्या फोनवर घ्यायचे होते. अ‍ॅप धोकादायक असू शकते, असा इशारा फोनने स्पष्टपणे दिला. त्याच वेळी शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, “आई, हे प्ले स्टोअरवर का नाहीये?” फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस लगेच म्हणाला, “ताई, मुलांना अशी अ‍ॅप नकोच असतात, ती विरोध करणारच. आणि आमचे अ‍ॅप गुगलपेक्षा खोलवर तपासते, म्हणून गुगल ते अडवते.” मी मुलीला आत जायला सांगितले. तो प्रश्न बारा वर्षांच्या मुलीला पडला होता आणि त्याचे खरे उत्तर त्या माणसाकडे नव्हते, हे आठवले की आजही झोप लागत नाही. पण पालकाच्या मनात मुलाविषयी शंका पेरली की मुलाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, हे ओळखूनच त्याने ते वाक्य तयार ठेवले होते.

मग त्याने मेसेज वाचण्याची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची अशा दोन परवानग्या द्यायला लावल्या. टॅबवर काही आक्षेपार्ह आले की तुम्हाला मेसेज येईल, त्यासाठी या परवानग्या लागतात, असे कारण दिले. आपल्या फोनवर मेसेज येण्यासाठी कोणत्याही अ‍ॅपला अशी परवानगी द्यावी लागत नाही. ती परवानगी मिळालेले अ‍ॅप आपले सर्व ओटीपी वाचू शकते, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की पडद्यावरचे पाहून आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. त्यानंतर, नव्या कायद्याप्रमाणे पालकांची पडताळणी बंधनकारक आहे, असे सांगून १० रुपये भरण्यासाठी नेट बँकिंगचे पान उघडून दिले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद खरोखरच आहे, आणि मी त्याविषयी वर्तमानपत्रात वाचलेही होते. पण त्यासाठी पालकांचा बँकेचा पासवर्ड लागतो असे कोणताही कायदा म्हणत नाही. पान बँकेचे दिसत असले तरी ते त्या अ‍ॅपच्या आतले होते. “सिंक सुरू आहे, अर्धा तास फोनला हात लावू नका,” हे त्याचे शेवटचे वाक्य.

८ वाजून २ मिनिटांनी ४९,९०० रुपये आणि ८ वाजून ६ मिनिटांनी पुन्हा ४९,९०० रुपये गेले. बँकेचे मेसेज अ‍ॅपने दडवल्यामुळे मला काही कळले नाही. किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन केल्यावर शिल्लक अपुरी असल्याचे दिसले, तेव्हा उलगडा झाला. पतीने १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मी बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. भाषा निवडा, सेवा निवडा, खाते क्रमांक टाका, असे करत माणसाशी बोलणे होऊन तक्रार क्रमांक मिळाला तेव्हा ८ वाजून ५२ मिनिटे झाली होती. त्यानंतर, ९ वाजून ५ मिनिटांनी, त्याच खात्यातून आणखी २४,६५० रुपये गेले. तक्रार घेतली, पण खाते थांबवले नाही. याचे उत्तर बँकेने आजतागायत दिलेले नाही.

शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न आला, “मुलीने काही दाबले का?” मुलीने काहीही दाबलेले नव्हते. नंतर लेखी उत्तर मिळाले की व्यवहार योग्य ओटीपीने झाले असल्याने जबाबदारी ग्राहकाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी तक्रार नोंदवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आहे आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. हे परिपत्रक छापून मी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचलेही नाही. ‘वरून’ उत्तर येईल एवढेच सांगितले. तक्रार क्रमांक मिळाल्याची वेळ लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्या वेळेवरच उभा राहतो.

पोलिसांचा अनुभव याहून कडू आहे. घराजवळच्या ठाण्यात सांगितले की हे सायबरचे काम आहे; सायबरकडे गेल्यावर सांगितले की एवढ्या रकमेची तक्रार स्थानिक ठाण्यातच द्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता नोंदवून घ्यायची असते, हे मी सांगितले तेव्हा, “ताई, कायदा आम्हाला शिकवू नका, मुलांच्या हातात मोबाइल देणे बंद करा,” असे ऐकावे लागले. अखेर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. गुन्हा नोंदला गेला तो पुष्कळ खेटे घातल्यावर. ज्या बिलावर, फोन क्रमांकावर आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणावर पहिल्याच दिवशी काम सुरू व्हायला हवे होते, त्यातले चित्रण तोपर्यंत आपोआप पुसले गेले होते. चित्रणाची प्रत स्वतः मागून घ्या, पोलिसांची वाट पाहू नका. सोसायटीच्या समितीने तर हा तुमचा वैयक्तिक व्यवहार आहे असे सांगून हात झटकले. सभागृह कोणी दिले आणि फलकावर सूचना कोणी लावली, याचा त्यांना विसर पडला.

हाती आले ते एवढेच की १९३० वरच्या तक्रारीमुळे, पैसे पुढे गेलेल्या एका खात्यात १८,२०० रुपये रोखले गेले. तेही आपोआप परत आले नाहीत. त्यासाठी आम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला. पहिला फोन १९३० वर आणि दुसरा बँकेला करा, किंवा घरात दोघे असाल तर दोन्ही एकाच वेळी. ज्या फोनवर असे अ‍ॅप बसले आहे त्याचे इंटरनेट ताबडतोब बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आमच्या फोनवरून ते अ‍ॅप काढताच येत नव्हते. शेवटी फोन पूर्ण रीसेट करावा लागला.

ज्या सोयीसाठी आम्ही ४,१२८ रुपये ८२ पैसे भरले, ती फुकट मिळते. अँड्रॉइडवर गुगलचे फॅमिली लिंक आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे. त्यातून वेळेची मर्यादा घालता येते आणि कोणते अ‍ॅप घ्यायचे याची मंजुरी पालकांच्या हाती राहते. घरच्या राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ भरले की बहुतेक अश्लील आणि घातक संकेतस्थळे घरात उघडतच नाहीत, आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. यांपैकी कशालाही तुमचे ओटीपी वाचावे लागत नाहीत. जे अ‍ॅप मुलाच्या रक्षणासाठी तुमचे बँकेचे मेसेज मागते, ते चोराचे आहे.

पैशांपेक्षा मला आता त्या अर्जाची भीती वाटते. मुलीचा फोटो, शाळा आणि बसची वेळ कोणाच्या हाती आहे हे आम्हाला माहीत नाही. शाळेला आणि बसच्या काकांना लेखी कळवले आहे. आमच्यापैकी कोणी सोबत असल्याशिवाय तिला थांब्यावर उतरवायचे नाही असे ठरले आहे, आणि त्यासाठी मी कार्यालयाची वेळ बदलून घेतली आहे. पोलिसांच्या नोंदीत या अर्जाचा उल्लेखच नव्हता. पुरवणी जबाबात तो घालून घ्यावा लागला. तुमच्याकडूनही असा अर्ज भरून घेतला असेल, तर पैसे गेलेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि त्यात मुलाची कोणती माहिती दिली गेली ते एकेक करून लिहा.