जहाजावरची दोन वर्षं की नेपाळातले तीन महिने?

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातलं कुणी ना कुणी दरवर्षी उपासना संपल्यावर थांबतं आणि विचारतं, "ताई, टीमबरोबर बाहेरच्या देशात सेवेला जायचंय. लोगोस होपसारख्या, बंदरोबंदरी पुस्तकं घेऊन जाणाऱ्या मिशनच्या जहाजावर जाऊ, की प्रशिक्षण घेऊन नेपाळच्या टीममध्ये?" मी दोन्ही केलंय. जहाजावर दोन वर्षं होते आणि नंतर तीनदा नेपाळला गेले. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

जहाजावर सुमारे साठ देशांतली तीनशेहून जास्त माणसं राहतात. पगार कुणालाच नसतो, कॅप्टनलाही नाही. पण त्यातले बहुतेक जण दिवसभर येशूची सुवार्ता सांगत फिरत नाहीत, हे जायच्या आधी नीट समजून घ्या. कुणी इंजिनात, कुणी डेकवर, कुणी पुस्तकांच्या दालनात, कुणी धुलाईत. मी भटारखान्यात होते. पहाटे चारला पीठ मळायला उभं राहायचं. समुद्र खवळलेला असला की परातीखाली ओलं फडकं घालायचं, नाहीतर परात घसरत पार दुसऱ्या टोकाला जाते. बंदरावर उतरून लोकांत मिसळायचा दिवस आठवड्यातून एखादाच. पहिले सहा महिने मला वाटायचं, मी देवाच्या सेवेला आले की पाव भाजायला? नंतर कळलं, की त्या पावावर जेवून जे बाहेर जात होते, त्यांची सेवा माझीही होती. ज्याला हे मनापासून पटत नाही त्याने जहाज निवडू नये, तो आतल्या आत कुढत बसेल.

उलट आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये हात काळे केलेल्या पोरांना मी बिनदिक्कत जहाजच सांगते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना तिथं फार मान आहे. ‘मला भाषण जमत नाही’ म्हणून आपल्याकडची ही मुलं सेवेचं नावच काढत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंग्रजी मात्र लागतं. फर्डं नसलं तरी चालेल, पण आगीचा भोंगा झाल्यावर दिलेली सूचना तरी कळायला हवी.

नेपाळचं सगळं वेगळं. यूथ विथ अ मिशनसारख्या ख्रिस्ती प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांत साधारण तीन महिने वर्ग आणि मग दोन-तीन महिने टीमबरोबर बाहेर, असा क्रम असतो. टीम आठ-दहा जणांची, त्यामुळे रुसवेफुगवे लपत नाहीत. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून सोनौलीची हद्द. पलीकडे पाऊल टाकलं की पाट्या देवनागरीत! आमच्यासोबतची केरळची मुलगी अक्षरं जुळवत बसली होती, तोवर मी दुकानांची नावं वाचून दाखवत होते. घरी मराठी, बाजारात कानडी, शाळेत हिंदी असं वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात मोडकं नेपाळी बोलता येतं. भक्ती शनिवारी असते, कारण तिथं साप्ताहिक सुट्टी शनिवारची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. आपण तीन महिन्यांनी परत येतो, पण ज्यांच्या घरी आपण जेवलो ते पाळक (पाद्री) आणि त्यांची मुलं तिथंच राहतात. म्हणून तिथल्या मंडळीनं बोलावलं असेल तरच जा. संडेस्कूलच्या शिक्षकांना शिकवा, गाणी शिका, आजाऱ्यांना भेटा, पत्रकं वाटू नका. सीमेवर कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. ‘देव सांभाळेल’ म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या टीमबरोबर मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं. त्या लोकांनी इथं राहून भाषा शिकायला वर्षं दिली. तीन महिन्यांच्या टीमने स्वतःला त्यांच्या पंगतीत बसवू नये. आपण मदतनीस म्हणून जातो.

पैशाचं थोडक्यात सांगते. दोन्हीकडे खर्च आपणच उभा करायचा. जहाजाच्या दोन वर्षांचा खर्च उचलणं खानापूर-चिकोडीकडच्या छोट्या मंडळीला जड जातं. नेपाळचा खर्च त्या मानाने बराच कमी, शिवाय भारतीयांना व्हिसा लागत नाही. जहाजासाठी पासपोर्ट हवाच, आणि तरीही एका बंदरात आम्हा भारतीयांना उतरू दिलं नव्हतं. आठवडाभर कठड्याला टेकून गाव बघत बसलो.

माझा कल विचाराल तर विशीतल्या, घरापासून कधी लांब न राहिलेल्या मुलामुलींनी आधी नेपाळला जावं. जहाजाची दोन वर्षं अर्ध्यात सोडून येणं फार दुखतं, मी तसे दोघे पाहिलेत. हातात कसब आहे आणि घरच्यांची मनापासून संमती आहे, तर थेट जहाज.

कुठंही जा, पण कागद आजच काढून बघा. नेपाळच्या सीमेवर पासष्टीच्या आतल्या प्रौढांचं आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आणि आपल्या भागातली खरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव कानडी उच्चाराप्रमाणे, आधारवर मराठी वळणाचं आणि बाप्तिस्म्याचं नाव तिसरंच. माझ्या धाकट्या भावाची जहाजावरची जागा एवढ्यानेच गेली, दुरुस्ती होऊन येईपर्यंत त्याची तुकडी निघून गेली होती.